पाणी तपासायचं तर आधी क्रम नीट लावा: प्रश्नापासून रिपोर्टपर्यंत

"टीडीएस १८० आला, म्हणजे पाणी चांगलं आहे ना?" पाण्याबद्दल मला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच. दुसरा असतो, "लॅबने पिण्यायोग्य म्हणून लिहून दिलंय, मग घरात सगळ्यांची पोटं का बिघडतायत?" पहिल्यात चुकीचं साधन वापरलेलं असतं: टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, सुरक्षिततेचा नाही. दुसऱ्यात बहुतेक वेळा लॅबच्या यंत्राचा दोष नसतो, दोष बाटली भरतानाच झालेला असतो. थंड पेयाची रिकामी बाटली विसळून घेतली, नळ सोडल्या सोडल्या भरली, दिवसभर गाडीत ठेवली आणि संध्याकाळी लॅबमध्ये दिली. अशा बाटलीतून येणारा आकडा त्या बाटलीबद्दल सांगतो, तुमच्या पाण्याबद्दल नाही.

म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. काही ठिकाणी क्रम उलटा झाला तर नमुना वाया जातो आणि तो दुसऱ्या दिवशीच पुन्हा घेता येतो.

## १. आधी ठरवा, नेमकं काय जाणून घ्यायचंय

"पाणी तपासून द्या" असं म्हणून कुठलीही लॅब सगळं तपासत नाही. तपासण्यासारख्या गोष्टी शेकड्यांनी आहेत. त्यामुळे शंका काय आहे ती एका वाक्यात कागदावर लिहा. ते वाक्यच पुढे कोणती चाचणी, कुठला नळ आणि कोणती बाटली हे ठरवतं.

जुलाब, उलट्या, कावीळ किंवा टायफॉइडची शंका असेल तर जंतूंची चाचणी हवी. त्यात ई. कोलाय हा मुख्य जंतू. तो माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे पाण्यात सापडला की विष्ठेचा अंश पाण्यापर्यंत पोचलाय असं समजायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्यांनुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीलीटर नमुन्यात तो एकही सापडता कामा नये.

जमिनीखालचं पाणी असेल, म्हणजे बोअर, हातपंप किंवा खोल विहीर, तर फ्लोराइड, आर्सेनिक, नायट्रेट, लोह आणि मँगनीज ही यादी निदान एकदा तरी करून घ्या. आसपास शेती, गोठे किंवा शोषखड्डे असतील तर नायट्रेट सोडू नका. इमारत जुनी असेल, नळजोडणीत शिसं किंवा जुन्या पद्धतीचा डाख (शिशाचं सोल्डरिंग) दिलेला असेल, तर शिसं तपासा.

रंग, वास आणि चव यांवरून दिशा मिळते, निकाल मिळत नाही. भरताना नितळ दिसणारं पाणी तासाभरात तांबूस झालं तर लोहाची शंका घ्या. विरघळलेलं लोह हवा लागल्यावर गंजासारखं खाली बसतं. भांड्याला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा असतो, पण तो फक्त गरम पाण्याला येत असेल तर आधी गीझर पाहा, विहिरीकडे नंतर वळा.

सावधान: आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट आणि शिसं यांना धोक्याच्या प्रमाणातही ना रंग असतो, ना वास, ना ओळखता येईल अशी चव. "वर्षानुवर्षं पितोय, गोड पाणी आहे" एवढ्यावर यांच्याबद्दल काहीच ठरवता येत नाही.

## २. बाटली उचलायच्या आधी उगमापर्यंत चालत जा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि माझ्या मते हीच सर्वांत मोलाची आहे. नमुना म्हणजे एका क्षणाचा फोटो. आज जंतू सापडले नाहीत म्हणजे उद्या सापडणार नाहीत असं होत नाही. पण विहिरीच्या कठड्याला भेग असेल आणि सांडपाणी त्याच बाजूला वाहत असेल, तर जंतू कधी ना कधी येणारच, हे कुठल्याही बाटलीविना कळतं.

हातात वही घ्या आणि उगमापासून पिण्याच्या भांड्यापर्यंत पाण्याच्या वाटेने चाला. वाटेत हे प्रश्न विचारत जा:

- शौचालय, शोषखड्डा, गोठा किंवा उकिरडा किती पावलांवर आहे, आणि तो पाण्याच्या वरच्या अंगाला आहे की खालच्या? तीस मीटरच्या आत असेल तर वहीत ठळक खूण करा. जमीन भेगाळलेल्या खडकाची असेल तर त्याहून लांबची घाणही पोचते.
- विहिरीचा किंवा हातपंपाचा ओटा फुटलाय का? सांडलेलं पाणी तिथेच साचतं की दूर निघून जातं?
- बोअरच्या केसिंग पाइपचं (भोकाला आतून आधार देणाऱ्या पाइपचं) तोंड जमिनीच्या वर आहे का आणि नीट बंद आहे का?
- टाकीला झाकण आहे का, ते घट्ट बसतं का, आत शेवाळ, गाळ किंवा पक्ष्यांची विष्ठा दिसते का?
- पाइप गटारातून किंवा गटाराच्या शेजारून जातो का? पाणी अधूनमधून बंद होत असेल तर हा प्रश्न फार महत्त्वाचा. दाब गेला की गळक्या सांध्यातून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं.
- शेवटच्या भांड्यातून पाणी कसं काढतात, ओगराळ्याने की हात बुडवून?

प्रत्येक "हो, इथे गडबड आहे" ला एक गुण द्या. गुण जास्त आणि जंतूंचा रिपोर्ट स्वच्छ, असं झालं तर मी रिपोर्टवर विश्वास ठेवत नाही, पाऊस झाल्यावर पुन्हा नमुना घेतो. वरची घाण धुऊन आत येते ती त्याच वेळी.

तपासा: नमुना कुठून घ्यायचा ते या फेरीनंतरच ठरतं. उगम वाईट आहे का हे पाहायचं असेल तर उगमाशी घ्या. घरात काय प्यायलं जातंय हे पाहायचं असेल तर पिण्याच्या नळाला किंवा भांड्याला. पैसे असतील तर दोन्हीकडून घ्या. उगमाचा नमुना स्वच्छ आणि घरातला दूषित निघाला, तर टाकी, पाइप आणि भांडं एवढ्यातच दोष शोधायचा राहतो.

## ३. लॅबशी बोला आणि बाटल्या त्यांच्याकडूनच आणा

लॅबला चार गोष्टी विचारा. पहिली, आयएसओ/आयईसी १७०२५ (चाचणी प्रयोगशाळांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) नुसार मान्यता आहे का, आणि ती तुम्हाला हव्या असलेल्या चाचणीसाठी आहे का. मान्यता चाचणीवार मिळते, सरसकट नाही. दुसरी, प्रत्येक घटकाची किमान शोधमर्यादा किती, म्हणजे त्यांच्या पद्धतीला कमीत कमी किती प्रमाण दिसतं. तिसरी, जंतूंचा नमुना कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत घेतात. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी दिलेला नमुना वेळेत लावला जाणार नसेल तर तो न दिलेला बरा. चौथी, बाटल्या ते देतात का.

बाटल्या एकाच घरातल्या असल्या तरी त्यांचे स्वभाव निराळे:

जंतूंची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि तळाला थोडी पांढरी पूड किंवा एखाद-दोन थेंब असतात. ते सोडियम थायोसल्फेट, पाण्यातला क्लोरीन मारण्यासाठी. ते नसेल तर उरलेला क्लोरीन बाटलीत जंतू मारत राहतो आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत दूषित पाणीही स्वच्छ ठरतं. ही बाटली विसळायची नाही. "आत काहीतरी घाण आहे" म्हणून पूड धुऊन टाकणारे मी पाहिलेत.

धातूंची बाटली कित्येकदा आत नायट्रिक आम्ल घालून येते. हीही विसळायची नाही, काठोकाठ भरून सांडवायचीही नाही. आम्ल निघून जातं, आणि हातावर उडालं तर भाजतं.

नायट्रेटची बाटली वेगळीच हवी. धातूंच्या बाटलीतलं पाणी नायट्रेटसाठी चालत नाही, कारण नायट्रिक आम्ल स्वतःच नायट्रेट देतं. दोन्ही एकाच बाटलीतून केले तर भयंकर आकडा येईल आणि तुम्ही विनाकारण विहीर बंद कराल.

फ्लोराइड आणि इतर साध्या घटकांसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली. ही मात्र त्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरायची.

## ४. नमुन्याच्या दिवशी: नळावरचा क्रम

### ४.१ शिसं तपासायचं असेल तर ते सगळ्यांत आधी

शिसं पाइपात आणि नळाच्या अंगात मुरलेलं असतं, आणि साचून राहिलेल्या पाण्यात उतरतं. म्हणून निदान सहा तास घरातला कुठलाही नळ न वापरता, सकाळी उठल्यावर पहिली एक लीटर धार थेट बाटलीत धरायची. गार पाण्याचा, पिण्याचा नळ घ्यायचा आणि तोंडावरची जाळी काढायची नाही.

सावधान: एकदा कुणी तोंड धुतलं, टाकी फ्लश केली, की त्या दिवसाचा हा नमुना गेला. घरातल्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवा आणि नळावर कागद चिकटवा.

### ४.२ मग नळ सोडा

आता जाळी, नळी किंवा तोंडाला लावलेला फिल्टर काढा. दोन-तीन मिनिटं पाणी जाऊ द्या, धारेचा गारवा बदलायचा थांबेपर्यंत. हातपंप किंवा बोअर बराच वेळ बंद असेल तर आणखी जास्त वेळ उपसा, कारण आधी येतं ते पाइपात उभं राहिलेलं पाणी असतं.

फिल्टर काम करतोय का हेच तपासायचं असेल तर तो काढू नका. पण मग त्याच्या आधीच्या पाण्याचाही एक नमुना घ्या, नाहीतर तुलना कशाशी करणार?

### ४.३ जागेवरच्या चाचण्या

काही गोष्टी लॅबपर्यंत टिकत नाहीत. क्लोरीन तासाभरात उडून जाऊ शकतो, तापमान बदलतं, पीएचही (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे याचं माप) थोडा सरकतो. हे आकडे नळाशीच घ्यायचे, एका वेगळ्या स्वच्छ भांड्यात पाणी धरून.

क्लोरीन. डीपीडी हे क्लोरीन असला की गुलाबी होणारं रसायन. त्याची १ नंबरची गोळी मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला अजून शिल्लक असलेला क्लोरीन दाखवते, आणि आपल्याला तोच हवा असतो. नळी त्याच पाण्याने विसळा, थोड्या पाण्यात गोळी बोटांचा स्पर्श न होऊ देता टाका, चुरा, मग खुणेपर्यंत पाणी भरा आणि मिनिटाच्या आत रंग जुळवा. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि आकडा फुगतो. पाणी नळाने पोचवलं जातं तिथे निदान ०.२ मिलीग्रॅम प्रतिलीटर मोकळा क्लोरीन असायला हवा. पाण्यात क्लोरीन घालताना मात्र अर्ध्या तासानंतर निदान ०.५ उरला पाहिजे, आणि पीएच ८ च्या खाली हवा, नाहीतर त्याचा जोर कमी पडतो.

इथे एक फसवी गोष्ट आहे, ती नीट लक्षात ठेवा. एका विहिरीत क्लोरीनची पावडर टाकून झाली होती आणि मी तिथे पोचलो तेव्हा तिसरं पाकीट फोडायची तयारी चालली होती. "दोन पाकिटं टाकली, तरी किट शून्यच दाखवतंय." मी नळी भरली, गोळी चुरली. क्षणभर पाण्यात गुलाबी लहर उठली आणि डोळ्यांदेखत विरून गेली. नळी पुन्हा काचेसारखी. क्लोरीन इतका जास्त होता की त्याने डीपीडीचा रंगच खाऊन टाकला होता. क्लोरीन नसलेल्या पाण्यात दहापट पातळ करून पुन्हा पाहिलं तर १.५ आला, म्हणजे विहिरीत १५ मिलीग्रॅम प्रतिलीटर होता. गुलाबी झाक येऊन जाते का, हे पहिल्या क्षणीच पाहायचं असतं. शंका आली तर पातळ करून पुन्हा करा.

गढूळपणा. क्लोरीनचा उपयोग होण्यासाठी पाणी १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायच्या एककाच्या) आत असावं. डोळ्याला गढूळ जाणवायला साधारण ४ एनटीयू लागतात, म्हणजे "नितळ दिसतंय" हे पुरेसं नाही. मातीच्या कणांआड जंतू लपतात आणि क्लोरीन मातीतच खर्ची पडतो.

पीएच. ६.५ ते ८.५ ही नेहमीची पट्टी. मीटर असेल तर त्याच दिवशी ४, ७ आणि १० च्या द्रावणांनी जुळवून घ्या. आम्लाकडे झुकलेलं पाणी पाइपातून धातू सोडवतं, म्हणून पीएच कमी आला आणि नळजोडणी जुनी असेल तर शिशाची चाचणी यादीत घाला.

टीडीएस. आता त्या लाडक्या मीटरबद्दल. तो खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज सांगतो. चवीसाठी तो ठीक आहे: ६०० मिलीग्रॅम प्रतिलीटरच्या आत पाणी साधारण गोड लागतं, १००० च्या वर मचूळ होत जातं. सुरक्षिततेसाठी तो आंधळा आहे. आर्सेनिकचं मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलीग्रॅम प्रतिलीटर. त्याच्या पाचपट, म्हणजे ०.०५ आर्सेनिक असलं तरी १ च्या टप्प्याने मोजणाऱ्या मीटरवर आकडा हलतही नाही. जंतूंचा तर प्रश्नच नाही. मी हा मीटर एकाच कामासाठी जपून ठेवतो: एकाच उगमाचा आकडा नेहमी ३०० च्या आसपास असताना एके दिवशी ५५० दिसला, तर कुठून तरी दुसरं पाणी मिसळतंय हे कळतं.

### ४.४ जंतूंची बाटली

आता सावकाश. हे काम न बोलता, न शिंकता करायचं.

हात साबणाने धुवा. धातूचा नळ असेल तर आतलं-बाहेरचं पुसून ज्योतीने चांगला तापवा. प्लास्टिकचा असेल तर अल्कोहोल किंवा क्लोरीनच्या द्रावणाने पुसा. पुन्हा एक-दोन मिनिटं पाणी सोडा. क्लोरीनचं मोजमाप या आधी का केलं ते आता लक्षात येईल: नळ क्लोरीनने पुसल्यानंतर मोजलं तर आकडा फुगू शकतो.

धार मध्यम ठेवा, अंगावर उडेल इतकी नको. बाटलीचं झाकण काढा आणि त्याच हातात, तोंड खाली करून धरा. ओट्यावर ठेवायचं नाही. बाटलीच्या तोंडाला बोट लावायचं नाही. धारेखाली धरून मानेपर्यंत भरा आणि वर अडीच सेंटिमीटर जागा रिकामी सोडा, म्हणजे लॅबमध्ये हलवून पाणी एकजीव करता येतं. लगेच झाकण लावा.

नळ गळत असेल, दांड्याच्या कडेने पाणी ओघळून धारेत येत असेल, तर तो नळ सोडा आणि दुसरा निवडा.

उघड्या विहिरीतून घ्यायचं असेल तर बाटलीला स्वच्छ दोरी आणि जड वजन बांधून सोडा. ती कठड्याला घासू नये आणि तळाचा गाळ ढवळू नये. पृष्ठभागावरचा तवंगही नको. बाटली थोडी खोल बुडू द्या.

तपासा: झाकण खाली पडलं, बोट आत गेलं, बाटली ओसंडली? ती बाटली बाद. दुसरी घ्या. म्हणून नेहमी एक बाटली जास्त आणावी.

### ४.५ उरलेल्या बाटल्या आणि कोरा नमुना

नायट्रेट, धातू, फ्लोराइड आता भरा. आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो: नमुने तीन-चारपेक्षा जास्त असतील तर एका बाटलीत जागेवरच डिस्टिल्ड पाणी भरून तीही बाकीच्यांबरोबर लॅबला द्या, कुठली ते न सांगता. त्यात जंतू किंवा शिसं निघालं तर दोष तुमच्या हाताळणीत किंवा लॅबमध्ये आहे, आणि त्या दिवशीच्या कुठल्याच आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

## ५. चिठ्ठी, थंडावा, घड्याळ

चिठ्ठी बाटली भरायच्या आधी लिहा, कारण ओल्या बाटलीवर शाई टिकत नाही. चिठ्ठी अशी असावी: "नमुना ३. स्वयंपाकघरातला नळ, टाकीनंतर, फिल्टरआधी. सकाळी ७.४०. मोकळा क्लोरीन ०.१. पीएच ७.४. काल रात्री पाऊस." पावसाची नोंद लोक विसरतात, आणि रिपोर्ट वाचताना तीच सर्वांत उपयोगी पडते.

जंतूंची बाटली अंधारात, बर्फाच्या पेटीत, दहा अंशांच्या खाली ठेवा. गोठू द्यायची नाही. सुट्टा बर्फ असेल तर बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, नाहीतर वितळलेलं पाणी झाकणाशी साचतं. शक्यतो सहा तासांत लॅबमध्ये पोचवा; चोवीस तासांनंतरचा निकाल मी धरत नाही. उशीर झाला तर काही जंतू मरतात, काही वाढतात, आणि नेमकं काय झालं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

लॅब फार लांब असेल तर हायड्रोजन सल्फाइडची कुपी कामाला येते. कुपीत पाणी भरून ती २५ ते ३५ अंशांच्या उबेत ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळं झालं तर विष्ठेच्या दूषितपणाची दाट शंका. ज्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास आहे तिथे मात्र ही कुपी जंतूंशिवायही काळी होते. आणि काळी झाली नाही म्हणजे पाणी सुरक्षित, असंही नाही. ही चाळणी आहे, निकाल नव्हे.

## ६. रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटच्या ओळीतल्या "योग्य" किंवा "अयोग्य" वर उडी मारू नका. आधी नमुना घेतल्याची आणि चाचणी लावल्याची तारीख-वेळ पाहा. मग एककं.

मिलीग्रॅम की मायक्रोग्रॅम? १० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०१ मिलीग्रॅम. आर्सेनिक आणि शिसं या दोन्हींचं मार्गदर्शक मूल्य एवढंच आहे. एकक पाहायचं राहिलं तर हजारपट चूक होते.

नायट्रेट कशाच्या रूपात? काही लॅब "नायट्रेट" लिहितात, काही "नायट्रोजनच्या रूपात नायट्रेट". दुसऱ्याला ४.४३ ने गुणलं की पहिला आकडा मिळतो. मार्गदर्शक मूल्य नायट्रेट म्हणून ५० मिलीग्रॅम प्रतिलीटर. नायट्रोजनच्या रूपात १५ लिहिलं असेल तर ते वाचायला किरकोळ वाटतं, पण प्रत्यक्षात नायट्रेट ६६ च्या वर असतं. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या घरात ही चूक जिवावर बेतू शकते, कारण जास्त नायट्रेटमुळे बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते आणि अंग निळसर पडतं.

"शोधमर्यादेपेक्षा कमी". हे शब्द दिसले की लोक सुटकेचा श्वास सोडतात. मर्यादा किती ते पाहा. आर्सेनिकसमोर "०.०५ पेक्षा कमी" असेल तर त्याला काही अर्थ नाही, कारण धोक्याची रेघच ०.०१ वर आहे. ज्या पद्धतीला ती रेघ दिसतच नाही तिने "दिसलं नाही" म्हटलं, एवढंच. तिसऱ्या पायरीत शोधमर्यादा आधीच विचारायला सांगितलं ते यासाठी.

लॅबचं गणित पडताळा. कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून बेरीज करा. ती एकूण काठिण्याच्या (पाण्याच्या जडपणाच्या) जवळ यायला हवी. कॅल्शियम ६० आणि मॅग्नेशियम २४ असेल तर काठिण्य २५० च्या आसपास. रिपोर्टमध्ये ४०० लिहिलं असेल तर फोन करा. तसंच टीडीएस हा विद्युतवाहकतेच्या साधारण ०.५५ ते ०.७५ पट असतो. वाहकता ९०० असून टीडीएस ३०० असेल, तर दोनपैकी एक आकडा चुकलाय.

कोलिफॉर्म आहेत, ई. कोलाय नाही. यात घाबरून जायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. कोलिफॉर्म हा जंतूंचा मोठा गट, ई. कोलाय त्यातलाच एक; एकूण कोलिफॉर्म माती-पालापाचोळ्यातूनही येतात. वरचं पाणी आत शिरायला वाट आहे, किंवा पाइपात थर धरलाय, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या पायरीची वही उघडा.

ई. कोलाय शून्य. विष्ठेचं दूषितीकरण त्या वेळी दिसलं नाही, इतकंच यावरून म्हणता येतं. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी क्लोरीनला दाद देत नाहीत, त्यामुळे क्लोरीन घातलेल्या पाण्यात ई. कोलाय मेले तरी ते उरू शकतात. नदी, तलाव किंवा ओढ्याचं पाणी नुसतं क्लोरीन घालून वापरत असाल, तर गाळणीशिवाय ते पुरेसं समजू नका.

## ७. निकालाप्रमाणे काय करायचं

ई. कोलाय सापडला: दुसऱ्या रिपोर्टची वाट पाहू नका. त्याच दिवसापासून पाणी खळखळून उकळा. उकळी फुटल्यावर एक मिनिट, २००० मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटं. झाकून थंड करा आणि भांड्यात हात बुडवू नका. मग वाट शोधा आणि बुजवा. विहिरीत क्लोरीन घातला तर तो उतरून शून्य झाल्यावर आणखी एक-दोन आठवडे जाऊ द्या आणि तेव्हा पुन्हा नमुना घ्या. क्लोरीन शिल्लक असताना घेतलेला नमुना स्वच्छच येणार, त्याने काही सिद्ध होत नाही.

नायट्रेट, फ्लोराइड, आर्सेनिक जास्त: उकळू नका. पाण्याची वाफ जाते, हे घटक मागेच राहतात. नायट्रेट ६० असलेलं एक लीटर पाणी आटवून अर्धा लीटर केलं तर त्यात नायट्रेट १२० होतं. साध्या गाळणीने आणि तुरटी फिरवूनही घरच्या घरी यांचा भरवसा धरता येत नाही. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी उगम बदला, किंवा त्या घटकासाठीच बनवलेली शुद्धीकरण पद्धत लावा आणि तिच्यानंतरच्या पाण्याचीही चाचणी करून घ्या. फ्लोराइडची रेघ १.५ मिलीग्रॅम प्रतिलीटर.

शिसं जास्त: पहिली धार पिऊ नका, सकाळी काही मिनिटं पाणी सोडा आणि पिण्या-रांधायला नळाचं गरम पाणी कधीच घेऊ नका, गरम पाण्यात शिसं जास्त उतरतं. हे तात्पुरतं झालं. पाइप आणि नळ बदलेपर्यंत लहान मुलांना आणि गरोदर बाईला ते पाणी देऊ नका.

काहीच सापडलं नाही: पहिल्या पायरीत लिहिलेलं वाक्य पुन्हा वाचा. शंका कीटकनाशकाची होती आणि तपासले जंतू, असं झालंय का?

पुढचा नमुना कधी घ्यायचा तेही त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा. जंतू आणि नायट्रेट वर्षातून निदान एकदा, शक्यतो पाऊस सुरू झाल्यावर. फ्लोराइड आणि आर्सेनिक पाण्याची पातळी खाली गेलेली असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा, म्हणजे दोन टोकं कळतील; त्यानंतर दर काही वर्षांनी. पूर आला, पंप काढून बसवला, पाइप फुटला किंवा चव बदलली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता लगेच. आणि दर वेळी तोच नळ, तीच वेळ, तीच पद्धत ठेवा, नाहीतर दोन रिपोर्ट शेजारी मांडून काहीच कळणार नाही.